स्क्रूवाला प्रेस

"अम्माजी, स्क्रूवाला ले लीजिए," दुकानदार पुन्हा म्हणाला आणि मी भडकले. "भैया, घड़ी आप बनाते हैं कि मैं?"

घड्याळातले खडे, म्हणजे चाकांचे आस ज्यात फिरतात ते बारीक खडे, दाबून बसवायचा नवा प्रेस घ्यायला मी सुनेबरोबर लखनौच्या अमीनाबाद बाजारात गेले होते. त्याच्याकडे दोन होते. एक दांड्याचा, त्यात सगळा हाताचा अंदाज. दुसरा स्क्रूचा, खोली आधी ठरवून द्यायची, खडा तेवढाच आणि सरळ आत जातो. म्हटलं, तो नवशिक्यांना विका. मला कुणी शिकवलं नाही, तरी आमच्या मानक नगरची निम्मी घड्याळं माझ्या हातावर चालतात.

सून मागून म्हणाली, "मम्मी, स्क्रूवाला ही लेते हैं ना."

"तू तुझ्या पोळ्या बघ," मी सगळ्यांदेखत तिला झापलं. दुकानदार हसला. सांगताना आजही मान खाली जाते माझी.

सून लखनौचीच. तिला मराठी समजतं, पण उत्तर कायम हिंदीत. त्या दिवशी मात्र दुकानदाराला कळू नये म्हणून ती माझ्या कानाशी वाकली आणि मराठीत म्हणाली, "आई, तुम्ही बसवलेले खडे हल्ली वाकडे बसतात, गिऱ्हाईक यायच्या आधी मी ते सरळ करते."