कोरं केलेलं पुस्तक

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा — एखादी वस्तू जपायची म्हणजे नेमकं काय करायचं? पुसूनबिसून ठेवायची? टीव्हीच्या रिमोटला अजून प्लॅस्टिक घालणारे हात वर करा! लाजू नका हो, या बुवाच्या घरीही आहे!

तर ऐका. कराडला मुकुंदराव हर्डीकर म्हणून एक निवृत्त प्राध्यापक. नाद कसला? संगणकाच्या जुन्या पुस्तकांचा! चाळीसेक वर्षांपूर्वीची एक मालिका, 'घरचा संगणक' — तो संगणक आज भंगारवालाही नेणार नाही, पण पुस्तकं म्हणजे मुकुंदरावांचा देव्हारा! कपाटात ओळीने लावलेली, सगळी कोरी. पाचवा भाग तेवढा नव्हता. रद्दीची दुकानं पालथी घातली — नाही म्हणजे नाही.

तो होता त्यांच्या मित्राकडे, वामनराव लाडांकडे. हा गृहस्थ पुस्तकातले प्रोग्रॅम स्वतः टाइप करून बघायचा आणि समासात पेन्सिलीने लिहायचा — 'इथे अडलं', 'परत बघ', 'चाललं!' पुस्तक घाण करतोस म्हणून मुकुंदराव चिडायचे. लाड नुसते हसायचे.

लाड गेले. तेरावं झाल्यावर त्यांच्या पत्नीने, इंदुमतीवहिनींनी, ते पुस्तक मुकुंदरावांना दिलं. तुमच्याकडे नीट राहील, म्हणाल्या. संच पुरा झाला! आणि मुकुंदरावांनी काय केलं? खोडरबर घेतलं. मित्राचं एकेक अक्षर मायेने — हो, मायेनेच! — खोडून काढलं. पुस्तक कोरं करकरीत!

वर्षश्राद्धाच्या आधी वहिनी आल्या. फोटो आहेत, पण त्यांचं अक्षर घरात कुठेच नाही, म्हणाल्या. "जरा बघू देता?"

मुकुंदरावांनी पुस्तक हातात दिलं आणि खाली बघत म्हणाले, "वहिनी, मी ते खोडलं."

रागावल्या का? नाही हो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! त्यांनी पान उन्हात तिरपं धरलं, समासावरून बोट फिरवलं. पेन्सिलीचा दाब तेवढा कागदावर उरला होता.

"इथे फार दाबून लिहिलंय," त्या म्हणाल्या. "अडलं असेल त्यांचं काहीतरी."

अडलं होतं, की चाललं होतं — ते आता कोण सांगणार? मुकुंदराव त्या दिवशी रडले, मंडळी. पण रडून अक्षर परत येत नाही.

आता तुमच्याकडे वळतो. कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडणारे वडील आहेत ना घरी? डब्यांवर चिकटपट्टी लावून नावं घालणारी आई? दिवाळीची साफसफाई तोंडावर आली आहे. फडकं उचलण्याआधी स्वतःला विचारा — मी डाग पुसतोय, की माणूस? उत्तर देण्याची घाई नको. तोवर सावकाश म्हणा माझ्याबरोबर — विठ्ठल… विठ्ठल…