किम-लोंगची दुसरी पालखी

न्हान : हळू बोला! पडद्याआड कुणीतरी आहे.

खाइ : लुओंग असेल. तो म्हातारा खोजा आपलाच आहे.

न्हान : ह्युएच्या या राजवाड्यात आपलं कोण आहे हो? गादीवर बसून अजून एक पावसाळा उलटला नाही, आणि म्हणे आपलाच.

खाइ : मी मागितली होती गादी? प्रधान लाम किम-लोंगला आपल्या घरी आला तेव्हा पपनसांच्या मुळाशी खत घालत होतो मी. मातीच्या हातांनी त्याच्यासमोर रडलो, नको म्हणालो. तूच बघत होतीस ना?

न्हान : बघितलं. आणि तुमच्या आधीच्या राजाचं काय झालं तेही ऐकलं. तापाने गेला म्हणे! सकाळी हत्तींना ऊस भरवत होता तो पोरगा.

खाइ : म्हणूनच तर तुझ्या दादाला फ्रेंच वकिलाकडे पाठवलं. लामला आवरा, एवढाच निरोप. तोही तोंडी.

न्हान : दादा कालच परत यायला हवा होता.

लुओंग : महाराज... आत येऊ?

खाइ : ये. आणि तोंड असं का झालंय तुझं?

लुओंग : प्रधानसाहेब बाहेरच्या दालनात आलेत. भालेकरी घेऊन. आणि... राणीसाहेबांसमोर कसं सांगू?

न्हान : सांगा. माझ्या भावाचं आहे ना?

लुओंग : त्यांना बंदरावर धरलं, बाईसाहेब. त्यांचे जोडे प्रधानसाहेबांच्या पायाशी ठेवलेत.

न्हान : नुसते जोडे?

लुओंग : मी जोडेच पाहिले.

खाइ : न्हान, खाली बस. बस म्हणतो ना! लुओंग, काय हवंय त्याला?

लुओंग : म्हणाले, महाराजांची तब्येत बरी नसते. गादी सोडावी, किम-लोंगला जाऊन बाग बघावी. दोन पालख्या सांगितल्यात. आधी राणीसाहेब आणि छोट्या बाईसाहेब. महाराज शिक्का सोपवून मागून निघतील.

न्हान : घरी? खरंच घरी सोडणार?

खाइ : ऐकलंस ना? जा, त्रामला उठव. तिला गरम काहीतरी घाल, नदीवर वारा असेल.

न्हान : जाते. पण आपण एकाच पालखीत बसू, सांगून ठेवते.

खाइ : गेली का?

लुओंग : गेल्या.

खाइ : आता खरं बोल. दुसरी पालखी पाहिलीस तू?

लुओंग : पाहिली, महाराज. उभी आहे.

खाइ : भोई?

लुओंग : पडदे नवे लावलेत तिला.

खाइ : लुओंग, भोई आहेत का?

लुओंग : नाहीत.

खाइ : आणि मी हलणारच नाही म्हणालो तर?

लुओंग : तर पहिल्या पालखीचेही भोई परत पाठवू, असं म्हणाले. हसून म्हणाले.

न्हान : उठली बाई एकदाची. झोपेतच आहे अजून. चला, उठा तुम्ही.

खाइ : तुम्ही पुढे व्हा. मला शिक्का द्यायचाय, चार म्हाताऱ्यांसमोर वाकायचंय. तासाभरात येतो.

न्हान : मी थांबते.

खाइ : आणि घरी चूल कोण पेटवणार? भाताबरोबर नदीची मासळी कर. इथलं जेवण प्रत्येक घासाला घाबरत खाल्लंय मी.

न्हान : तुमच्या पालखीचे भोई कुठायत? खिडकीतून नुसती पालखी दिसली.

खाइ : भोई भात खायला गेलेत. त्यांना पोट नाही का?

न्हान : माझ्याकडे बघून सांगा. शपथ घ्या.

खाइ : आईची शपथ.

न्हान : त्या जाऊन दहा वर्षं झाली!

खाइ : म्हणजे आता तिचं काय बिघडणार?

न्हान : मेलं, अशा वेळीही थट्टा!

खाइ : हसलीस ना? आता जा. न्हान, जा म्हणतो! किती वेळा सांगायचं एखाद्या बाईला? त्राम, आईचा हात सोडू नकोस हं.

(बाहेर पालखी उचलल्याचा आवाज.)

लुओंग : प्रधानसाहेब विचारताहेत, शिक्का आणताय ना?

खाइ : सापडत नाही म्हणावं. शोधतोय.

लुओंग : तो तर तुमच्या मांडीवर आहे, महाराज.

खाइ : मला ठाऊक आहे. तू खिडकीशी जा. कुठवर पोचली पालखी?

लुओंग : पुलावर आहे.

खाइ : मागे कुणी लागलंय?

लुओंग : कुणी नाही... राणीसाहेबांनी पडदा सारलाय. इकडेच बघताहेत.

खाइ : तू मागे हो. तुझा चेहरा दिसू देऊ नकोस तिला.

लुओंग : झालो... आता पूल ओलांडला. बांबूंच्या आड गेली पालखी, दिसत नाही.

खाइ : नक्की?

लुओंग : नक्की, महाराज.

खाइ : विषाचा प्याला त्याने सोबतच आणलाय?

लुओंग : होय.

खाइ : मग माझा हात धर, लुओंग. घट्ट धर. शिक्का सापडला म्हणावं.