रामचंद्रभाऊंच्या इंजिनाचं सील

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दयारामशेठ, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते आपल्या हवाई मॉडेल मंडळाचे मावळते अध्यक्ष सन्माननीय रामचंद्रभाऊ राऊत, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, मंडळाचे सचिव परेश, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आणि चौल, रेवदंडा, नागावहून, कुणी कुणी तर थेट श्रीवर्धनहून वाट वाकडी करून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सगळ्यांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

मी कल्पिता भोईर. नवीन सभासद मला ओळखत नसतील, म्हणून सांगते. रेवदंड्याच्या बाजारात माझं वर्कशॉप आहे. होडीच्या इंजिनाचं पॅकिंग, पंपाचं सील, वायसर, रबरी रिंगा, थोडक्यात जे दोन लोखंडांच्या मधे गुपचूप बसतं आणि तेल बाहेर येऊ देत नाही, ते मी बनवते. डिप्लोमा केलाय, हातही चालतो, आणि तोंडही चालतं असं घरचे म्हणतात. परवा परेशचा फोन आला. म्हणाला, "ताई, भाऊ कायमचे पुण्याला लेकीकडे निघालेत. जुनं सगळं विसरून दोन शब्द बोला." मी म्हटलं, "बोलते." विसरते असं काही मी म्हटलं नाही.

आधी खरं कौतुक करते, कारण ते खरं आहे. रामचंद्रभाऊ नसते तर हे मंडळ नसतं. नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेला माणूस, पण नजर कायम वर. समोर टेबलावर ते लहानसं इंजिन ठेवलंय ना, मुठीत मावेल एवढं, ते त्यांच्या वडिलांनी मुंबईच्या गोदीत एका खलाशाकडून घेतलं होतं. सत्तर वर्षं तरी जुनं असेल. त्यावर भाऊंचा किती जीव आहे ते वहिनींना विचारा. वहिनी हसताहेत, म्हणजे बरोबर बोलले मी.

आता परेशने जे मानपत्र वाचलं, त्यातल्या एका वाक्यावर तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. मीसुद्धा वाजवल्या. वाक्य असं होतं, की भाऊंनी स्थानिक बनावटीच्या निकृष्ट सीलांना मज्जाव करून विलायती सीलांचा आग्रह धरला, आणि त्यामुळे मंडळाची जुनी इंजिनं आजही उडताहेत. परेश, मजकूर तुझा की भाऊंचा? भाऊंचा. मला वाटलंच.

तर मंडळी, ही निकृष्ट सीलं बनवणारी बाई म्हणजे मी. या किनाऱ्यावर दुसरं कुणी ती बनवतच नाही.

जरा समजावून सांगते, चहा येईपर्यंत वेळ आहे. या इंजिनाच्या मागच्या झाकणाखाली एक बारीक रिंग बसते. तेच सील. ते नसलं की इंजिन भलतीकडून हवा ओढतं, आणि तुम्ही पंखा कितीही फिरवा, नुसतं फुसफुसतं. मूळचं सील केव्हाच गेलेलं असतं, बनवणारी कंपनीही गेलेली असते. मग करायचं काय? रबर घालावं तर या इंजिनाचं इंधन म्हणजे रॉकेल, एरंडेल आणि ईथर. ईथर रबराला असं फुगवतं की शेवया भिजत घातल्यासारख्या दिसतात. मी कुकरची रिंग कापून पाहिली, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी पाहिली, इंजेक्शनच्या पिचकारीतलं रबर पाहिलं. सगळं फुकट गेलं. शेवटी टेफ्लॉनवर आले, त्याला ईथरनं काही होत नाही. पण एवढी लहान रिंग कापायची कशाने? जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल आठवते? एकात एक जाणाऱ्या नळ्या. त्या सुट्या केल्या, प्रत्येकीच्या काठाला धार लावली आणि झाले माझे पंच तयार. बाजारात मिळत नाहीत असले पंच. भाऊंच्या या इंजिनात पहिलं सील मी असं कापून बसवलं आणि इंजिन पहिल्या झटक्यात बोललं. भाऊंनी तेव्हा माझ्या दुकानात पेढे आणले होते. आठवतंय ना, भाऊ?

मग आलं ते जानेवारीतलं वार्षिक उड्डाण. इथले बरेच जण तेव्हा होते. ओहोटीला रेवदंड्याचा किनारा पार किल्ल्याच्या तटापर्यंत उघडा पडतो, तीच आपली धावपट्टी. मोठे पाहुणे आलेले, शाळा आलेल्या, भोंगे लावलेले. थंडी तर अशी, की माणसं शालीतून हात बाहेर काढत नव्हती. याच इंजिनावर भाऊंचं विमान उडालं, दोन फेऱ्या झाल्या, आणि तटाजवळ इंजिन खोकलं, बंद पडलं, आणि विमान ओल्या वाळूत नाक रुतवून बसलं. वाईट कुणाला नाही वाटलं? मला रडू आलं हो. आणि माझे डोळे पुसून होण्याआधी भाऊंनी माईक घेतला आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "सील कल्पिताबाईंचं होतं. गावठी माल म्हटल्यावर दुसरं काय व्हायचं!"

इंजिन उघडून पाहिलं नव्हतं. मला विचारलं नव्हतं. मी चार पावलांवर उभी होते.

पुढच्या बैठकीत ठराव झाला, स्थानिक सील वापरायचं नाही. बरं, हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण बाजारात बातमी पोचायला किती वेळ लागतो? मासेमारीच्या होडीवाले दुकानात यायचे आणि विचारायचे, "विमान पडलं ते तुमच्याच वायसरनं ना? मग आमची बोट भर समुद्रात बंद पडली तर?" माझी जुनी गिऱ्हाईकं माझ्या समोरून अलिबागला जायला लागली. मी लोकांना काय सांगणार होते? या माणसाचा शब्द इथे चालतो, आणि माझं नाव त्याच्या एका वाक्यानं मातीत गेलं. आज मी इथे उभी आहे ती माझं नाव परत न्यायला. दुसरं काही नको मला. श्रीफळ तर मुळीच नको.

परेश, माईकला हात लावू नकोस बाळा. अजून बोलायचंय.

तिसऱ्या रांगेत खलीलभाई बसलेत. श्रीवर्धनचे, मुंबईत त्यांचं जुन्या मॉडेल इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मंडळाची सगळी विलायती सीलं तिथूनच येतात. छान पारदर्शक पाकीट, वर छापलेला नंबर. खलीलभाई, उभे राहता का जरा? तुम्ही कधी मंडळाला म्हणालात का, की हा माल विलायतेचा आहे?

बघा, ते मान हलवताहेत. मला ते नेहमी म्हणतात, "अल्लाह गवाह आहे ताई, मी असं कधीच बोललो न्हाय. भाऊंनी पाकीट बघितलं आणि स्वतःच ठरवलं. आता बुजुर्ग माणसाला मी काय शिकवणार?"

तर मंडळी, ती सीलं रेवदंड्याच्या बाजारात तयार होतात. मी कापते. एरियलच्या नळीने कापते. ठरावानंतर खलीलभाईंनी मला विचारलं, की माझ्याकडे गिऱ्हाईकं आहेत, सीलं द्याल का? मी दिली. तेव्हापासून आजपर्यंत या मंडळात जेवढी जुनी इंजिनं उडाली, तेवढ्या सगळ्यांच्या पोटात माझंच सील होतं. आणि दर वर्षी भाषणात भाऊ सांगायचे, "बघा, विलायती काम कसं असतं!" मी मागच्या रांगेत बसून ऐकायचे. किती गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू!

हसताय? हसा. पण भाऊ हसत नाहीयेत, कारण पुढे काय येणार ते त्यांना माहीत आहे.

ते पडलेलं इंजिन भाऊंनी पावसाळाभर कपाटात ठेवलं आणि मग दुरुस्तीला खलीलभाईंकडे पाठवलं. खलीलभाईंनी ते कुणाकडे पाठवावं? मार्गशीर्षातली थंड सकाळ होती. मी झाकण उघडलं. सील जसं बसवलं होतं तसं होतं. फुगलं नव्हतं, फाटलं नव्हतं. मग विमान पडलं कशानं? इंजिनालाच जोडलेली इंधनाची टाकी उघडली. आत पांढरी साय. इंधन सोडणाऱ्या सुईच्या भोकात पांढरा बोळा. बोटावर घेतलं, नाकाशी नेलं. आपण सगळी या किनाऱ्यावरची माणसं, डोक्याला तेच, पणतीला तेच, फणसाचा चीक काढायला तेच. त्याचा वास मी ओळखणार नाही? खोबरेल होतं!

एरंडेलाच्या जागी खोबरेल. स्वतःच्या वाडीतल्या नारळाचं, घाण्यावरून काढून आणलेलं. एरंडेल थंडीत गोठत नाही. खोबरेल जानेवारीत बाटलीत गोठतं हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, शेकोटीजवळ बाटली धरल्याशिवाय आंघोळीला तेल मिळत नाही. पण भाऊंना आपल्या वाडीचा अभिमान एवढा, की रात्रभर थंड पडवीत ते इंधन टाकीत ठेवलं आणि सकाळी विमान उडवलं. पटत नाही कुणाला? बरं, त्या दिवशी मासळीची पाटी घेऊन आलेली आमची गोदूमावशी काय ओरडली होती, आठवा बरं. "काय रं रामचंद्रा, आज इमानान करंज्या तलतंस काय?" सगळा किनारा हसला होता. अहो, धुराला वासच तळणीचा होता! तुम्ही सगळ्यांनी तो घेतलात. मीही घेतला, आणि त्या वेळी माझ्याही डोक्यात उजेड पडला नाही.

मग मी तेव्हाच का नाही बोलले? बोलू शकले असते. बैठकीत सांगितलं असतं, सहा-सात जणांनी ऐकलं असतं, भाऊंनी हात झटकला असता आणि चहा पिऊन सगळे घरी गेले असते. माझी बदनामी भोंग्यावरून झाली होती. मला भरलेलं सभागृह हवं होतं. मी वाट पाहिली. राग धरून बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आता आपल्या मंडळाची रीत सगळ्यांना माहीत आहे. मावळत्या अध्यक्षानं मंचावर स्वतःच्या हातानं आपलं इंजिन सुरू करायचं. इंजिन बोललं, की निरोप पुरा झाला. दारं-खिडक्या उघडून ठेवल्यात, धुराची तयारी झालीय, फोटोवाला गुडघ्यावर बसलाय. पण भाऊ, ते सुरू होणार नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही ते खलीलभाईंकडे सर्व्हिसिंगला पाठवलंत ना? तेही माझ्याकडेच आलं. मागच्या झाकणाखालचं सील मी काढून घेतलंय. खलीलभाईंना यातलं काही माहीत नाही, त्यांच्याकडे असं बघू नका. सील माझ्या पर्समध्ये आहे, या डबीत. हे बघा.

तुम्ही एक वाक्य बोला, मी सील बसवते. नाही बोललात, तर इंजिन पुण्याला असंच न्या आणि तिथे विलायती सील शोधा.

उठताय? या ना. परेश, खुर्ची बाजूला घे. काय म्हणताय? "कल्पिता, हे आपण घरी बसून बोलू." नाही भाऊ. तुम्ही मला घरी बसून बोलला नव्हतात. वहिनी काय म्हणताहेत? "अहो, सांगून टाका एकदाचं." वहिनी, बाटली तुमच्याच स्वयंपाकघरातली होती, तुम्हाला त्याच दिवशी कळलं असणार.

या, माईकजवळ या. ... ऐकू आलं नाही. मागे बसलेल्यांना तर मुळीच नाही. ... हां, आता आलं. "खोबरेल मी घातलं होतं. सील चांगलं होतं." कुणाचं सील, भाऊ? ... "कल्पिताचं."

आभारी आहे. बसा, पाणी घ्या.

लोक म्हणतात, सूड उगवून समाधान मिळत नाही. मिळतं हो! मला तर भरपूर मिळालंय. भाऊंनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला, ते मला दिसलं, आणि तरीही मिळालंय. दयारामशेठ, तो ठराव आजच्या आज रद्द करा, अशी अध्यक्षांना विनंती. शेठनी मान हलवली. परेश, लिहून घे आणि मोठ्यानं वाच, होडीवाले मागे उभे आहेत.

हे मी सील बसवते. चारच स्क्रू आहेत. झालं. फिरवा आता पंखा, भाऊ, बिनधास्त फिरवा, आणि सुखानं पुण्याला जा.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी चहा थंड होऊ देऊन ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. बोलताना जीभ घसरली असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर रामचंद्रभाऊ सोडून इथल्या प्रत्येकाची मी हात जोडून क्षमा मागते.