सुरुंगकाकूंचा बंद लखोटा

उत्तर आरमाराच्या सरसेनापती, कैलासवासी सुरुंगकाकू. सन्माननीय अध्यक्ष महोदय. आजचे सत्कारमूर्ती, आपले पंच. आणि सागरी युद्धपट मंडळाच्या सभासदहो,

संबोधनाचा क्रम चुकला आहे, याची मला जाणीव आहे. परंतु आपल्या या खेळाच्या पटावर मी दक्षिण आरमाराचा प्रमुख, आणि प्रतिपक्षाला प्रथम वंदन करावे ही आपली प्रथा. प्रतिपक्ष माझी पत्नी होती, हा भाग वेगळा.

आज पंच निवृत्त होत आहेत आणि ही खोलीही आपण सोडत आहोत. एकोणीस वर्षे पंचांनी एक नियम कसोशीने पाळला. खेळाडूने सुरुंग कोठे पेरले, त्याचा नकाशा पंचांनी पाहायचा, लखोट्यात बंद करायचा आणि एखादे जहाज त्यावर जाईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. आपल्या सुरुंगाने आपलेच जहाज बुडाले, तरी ते बुडालेच.

गतवर्षी डाव अर्ध्यावर असताना माझ्या पत्नीचे निधन झाले. त्यापूर्वीचे चार महिने तिची जहाजे खाडीत स्वस्थ उभी होती. मी बाहेर टपून होतो. घरी एकदा मी विचारलेही, "तुझी जहाजं बाहेर का येत नाहीत?"

"तुम्हीच या की आत. घाबरता कशाला?"

"घाबरत नाही. विचार करतोय."

"चार महिने? अहो, लग्नाला होकार द्यायलासुद्धा इतके दिवस लावले नव्हते तुम्ही!"

ती गेल्यावर अध्यक्षांनी सद्भावनेने बरोबरी सुचवली. मी नकार दिला. तो अनेकांना हेकटपणा वाटला असेल. परंतु डाव चालू होता, तोवर पुढची खेळी आमच्या दोघांतली होती. तो संपल्यावर मी कोणाशी खेळणार होतो?

आज पट गुंडाळणे भागच होते. दुपारी मी माझी तिन्ही जहाजे खाडीत घातली. पंचांनी लखोटा फोडला. खाडीचे मुख या काठापासून त्या काठापर्यंत सुरुंगांनी बंद होते. स्वतःच्या जहाजांसाठी वाट ठेवायलाच ती विसरली होती! नवखा सभासदही असे करत नाही. ती आत अडकली होती, आणि मी तो डावपेच समजून त्यावर टिपणे काढत बसलो होतो.

मी पंचांना विचारले, "तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"होतं ना! दर रविवारी मला दटावायच्या, 'आमच्या ह्यांना कळलं तर बघा. एकदा आत येऊ देत, मग जिंकलेच मी.'"

माझी दोन जहाजे बुडाली. गुणांनी डाव तिचा झाला. 'चुकीने मिळालेला विजय' अशी नोंद करावी, असे एका सभासदाने सुचवले. माझी त्यास हरकत आहे. सुरुंग हुशारीने पेरला की विसरभोळेपणाने, हे बुडणारे जहाज विचारत नाही. ती जिंकली. मी हरलो. बत्तीस वर्षांच्या संसारात ही दोन वाक्ये मी आज प्रथमच उच्चारत आहे, आणि ती ऐकायला ती सभागृहात नाही.

पंचांच्या मौनाबद्दल मंडळाच्या वतीने, तसेच आमच्या घराच्या वतीने, मी त्यांचे आभार मानतो. आपण शांतपणे ऐकलेत, त्याबद्दल आपलाही ऋणी आहे. औचित्य सोडून काही बोललो असेन, तर एका पराभूत सेनापतीचे बोलणे म्हणून पोटात घालावे.

(मंडळाचा चिटणीस या नात्याने माझीच नोंद: सभा पावणेसहा वाजता संपली. पट पेटीत ठेवला. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या जागामालकांना परत केल्या.)