एकटीला करता न येणारा गुन्हा

नाव : थर्मन लेडबेटर. वय : एक्कावन्न. धंदा : बी-बियाणं व पशुखाद्याचं दुकान. राहणार : टॅलो बेंड, अलाबामा. तारीख : ९ ऑगस्ट १९६२.

मी वरील इसम, कोणी न बोलावता ठाण्यात आलो असून सार्जंट बड स्टॅलिंग्ज यांच्यासमोर सांगतो ते असे :

मी इथल्या गोऱ्या नागरिकांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. गोऱ्या-काळ्यांनी सार्वजनिक जागी एकत्र बसू नये, एवढंच आमचं काम. आम्ही रात्री तोंडाला फडकी बांधून काळ्यांची घरं जाळत हिंडणारे नव्हे. आम्ही सुटाबुटात, तळलेली कोंबडी खाऊन, ठराव करतो. गेल्या वर्षी काळ्यांनी वाचनालय आपल्यालाही खुलं व्हावं असा अर्ज केला, तेव्हा सह्या करणाऱ्यांची नावं आम्ही वर्तमानपत्रात छापली. त्यानंतर कुणाची नोकरी गेली, कुणाला दुकानात पीठ मिळेना. आम्ही कुणाच्या अंगाला बोट लावलेलं नाही. क्लिओरा पेटवे काळ्यांच्या शाळेत शिकवत असे, तिचीही नोकरी गेली. त्यामुळे ती दिवसभर वाचायला मोकळी झाली, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही.

जूनमध्ये कोर्टाने वाचनालय सर्वांना खुलं केलं. तेव्हा तिथल्या सगळ्या खुर्च्या काढून टाकण्याची युक्ती माझी. माझ्या दुकानात काळे-गोरे एकाच गल्ल्यापुढे वर्षानुवर्षं उभे राहतात, त्याने कुणाचा धर्म बुडालेला नाही. भानगड होते ती बसल्यावर. ठराव एकमताने झाला, टाळ्याही पडल्या आणि नगरपालिकेने खुर्च्या उचलल्या. पुढच्याच आठवड्यात आमचे निवृत्त न्यायाधीश भूगोलाच्या कपाटाला टेकून वाचता वाचता कपाटासकट खाली आले. त्यांनी मंडळाची वर्गणी बंद केली आहे.

माझी आई ऑझेला लेडबेटर रोज सकाळी वाचनालयात जाऊन कोण कोण वारलं ते पेपरात बघते. ती घरून आपली घडीची खुर्ची घेऊन जाऊ लागली. मी म्हणालो, "आई, खुर्च्यांना बंदी आहे."

"वाचनालयाच्या खुर्च्यांना. ही माझी आहे. स्वतःचा ठराव तरी नीट वाच."

मी वाचला. तिचं खरं होतं.

सोमवारी क्लिओरा पेटवे आणि तिचा भाऊ त्यांच्या चर्चमधलं लांब बाक उचलून घेऊन आले. हे काय, असं मी विचारलं.

"घरचं आणलेलं चालतं असं दिसलं, मिस्टर लेडबेटर," क्लिओरा म्हणाली. "आमच्याकडे घडीचं काही नाही हो."

बाक हटवायचं तर आधी आईची खुर्ची हटवायला हवी, नाहीतर कोर्ट आमच्या मानेवर बसणार. म्हणून आज सकाळी आई पेपर आणायला वळली तेव्हा मी तिची खुर्ची उचलली आणि गाडीत टाकली. पाय दुखले की मुकाट घरी येईल, असा माझा हिशोब होता. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

आई परत आली. खुर्ची नाही हे तिने पाहिलं, मग मला पाहिलं. त्या नजरेला मी सात वर्षांचा असताना भीत होतो आणि आजही भितो. मग ती सरळ बाकाकडे गेली आणि म्हणाली, "श्रीमती पेटवे, जरा सरकता का?"

इथे हे नमूद करून घ्यावं, की आमच्या गावात काळ्या बाईला कोणी गोरा 'श्रीमती' म्हणत नाही. ती सत्तरीची असली तरी नुसत्या नावाने हाक मारतात. वाचनालयातली सगळी डोकी पुस्तकांतून वर आली.

क्लिओरा लगेच सरकली नाही. "तुमच्या मुलाला चालेल का?" तिने विचारलं.

"त्याला कुठे बसायचंय?" आई म्हणाली.

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "आई, तू तिला श्रीमती म्हणालीस!"

"दुसऱ्याच्या बाकावर बसायचं तर हाक नीट मारावी लागते, बाळा."

"आणि आपली तत्त्वं?"

"तत्त्वं तुझी. गुडघे माझे."

क्लिओरा सरकली. दोघी शेजारी बसल्या. थोड्या वेळाने आईने पेपरातून कुणाच्या तरी मरणाची बातमी वाचून दाखवली आणि दोघी तोंडावर हात धरून हसायला लागल्या. कोण मेलं होतं ते मला सांगितलं नाही. माझ्या घरात आईला असं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही. मला वाईट वाटलं.

सबब माझी फिर्याद क्लिओरा पेटवे हिच्याविरुद्ध आहे, असं मी सांगितलं. त्यावर सार्जंट म्हणाले, "थर्मन, एकत्र बसल्याचा गुन्हा एकटीवर कसा लावू? एकत्र म्हणजे निदान दोघी नकोत का?"

दुसऱ्या आरोपीच्या जागी 'एक अनोळखी गोरी बाई' असं लिहा, असं मी सुचवलं.

"मिस ऑझेलाने मला रविवारच्या शाळेत कान पिळून बायबल शिकवलंय. अनोळखी कसं लिहू?"

त्यांनी नगरपालिकेचा, अजून रद्द न झालेला नियम काढला. एकत्र बसणारे दोन्ही वंशांचे लोक सारखेच शिक्षेस पात्र, असं त्यात स्पष्ट आहे. ते वाक्य मीच आग्रहाने घालून घेतलं होतं.

आज सायंकाळी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आहे. सकाळचा प्रकार गावभर झालेला आहे. फिर्याद न देता सभेत गेलो तर माझी खुर्ची जाते, दिली तर आई कोठडीत जाते. सार्जंट म्हणाले, "अरे, कागद फाडून टाकतो. घरी जा, म्हातारीची खुर्ची परत दे, पाया पड आणि मोकळा हो." मी त्यांची कॉफी संपेपर्यंत विचार केला. त्यांनी ती फार सावकाश घेतली.

आरोपी पहिली : क्लिओरा पेटवे, वय त्रेपन्न, पूर्वी शिक्षिका. आरोपी दुसरी : ऑझेला लेडबेटर, वय एकोणऐंशी, फिर्यादीची आई.

वरील मजकूर सार्जंटनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, त्यात कमीजास्त काही नाही. आरोपींच्या यादीतला शेवटचा एक शब्द गाळावा अशी मी विनंती केली. जबाबात खाडाखोड चालत नाही, असं सार्जंट म्हणाले. म्हणून आहे तसा राहू देऊन सही केली.

थर्मन लेडबेटर