शिकागोतल्या भाकरीचा आवाज

शिकागोत काय पाह्यलं म्हणून सगळे विचारतेत, तर सांगतो. टेंभुर्णीहून वडलांना, म्हणजे अण्णांना, घेऊन मी ताईकडं गेल्तो. सकाळी तिनं चित्रांचं मोठं म्युझियम दाखवलं. अण्णांनी सारं पाह्यलं, पण कुठं थांबले न्हाईत. मंग दुपारी ती आम्हाला एका मेक्सिकन खानावळीत घेऊन गेली. तिथं एक बाई हातावर मक्याची भाकर थापून राह्यली होती. तो आवाज ऐकून अण्णा दारातच थांबले.

"तुमची आई गेल्यापासून हा आवाज ऐकला न्हाई," ते म्हणले.

आईच्या मातीला ताईला येता आलं नव्हतं. तिनं अण्णांचा हात धरला.

"अण्णा, मी दर रविवारी इथंच येऊन बसते," ती म्हणली. "जेवायला न्हाई येत."