ताडपत्रीखालची मोटारसायकल

आजच्या निवृत्ती समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या पोस्टमास्तर मॅडम. बसून राहायची सवय नसल्यामुळे मघापासून खुर्चीच्या कडेलाच टेकलेले आपले सत्कारमूर्ती हरिभाऊ. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मालनताई. मुंबईहून मुद्दाम आलेले चिरंजीव सर्वेश. माझे सर्व सहकारी, आणि रत्नागिरीच्या उकाड्यात इतका वेळ शांतपणे बसलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नव्हतं. ते मी काल मागून घेतलं. मी वर्गीकरणाच्या टेबलावरचा माणूस, पत्रं उचलायची आणि ज्या त्या खणात टाकायची. माझा आवाज तुम्ही फारसा ऐकलेला नाही. मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मॅडम, मी थोडी जास्त घेईन. कालच माझ्या रजेच्या अर्जावर सही करताना तुम्ही विचारलंत, "शिवराम, घरगुती काम म्हणजे नक्की काय?" मी म्हटलं, समारंभात सांगतो. ते सांगायला उभा आहे.

हरिभाऊंनी छत्तीस वर्षं टपाल वाटलं. आधी सायकलवर, मग स्वतःच्या स्कूटरवर. त्यांची बीट, म्हणजे वाटपाचा भाग, बंदराकडची. तिकडची अर्धी घरं खलाशांची, त्यामुळे पत्रं यायची ती मालप्याची, मंगळूरची, कोचीची. हरिभाऊ म्हणायचे, पत्र ज्याचं त्याचं, पण पाठवणाऱ्याचा पत्ता पोस्टमनचा. ते पत्ते त्यांना पाठ होते. गाव मात्र एकही पाहिलेलं नव्हतं. ज्या माणसानं आपल्या गावाच्या प्रत्येक उंबऱ्याला जगभरातून आलेलं काही ना काही नेऊन दिलं, तो माणूस बीटच्या बाहेर किती गेला असेल? फार तर लग्नकार्याला.

अडीच-तीन वर्षांपूर्वी चहा पिताना ते मला म्हणाले, "शिवा, ह्या गावांवरनं इतकी वर्षं पत्रं येतायत. एकदा उलट जाऊन बघू या, ती निघतात कुठनं. थेट कन्याकुमारीपर्यंत. जाताना समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, येताना डाव्या. वाट चुकायला जागाच नाय."

मी विचारलं, "आपण दोघं?"

"दोन माणसं, दोन गाड्या. एकाची बंद पडली तर दुसऱ्याची असते."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

मग गाडी निवडायला हरिभाऊंनी सहा महिने लावले. तुम्हाला वाटेल, ॲव्हरेज बघितलं असेल, रंग बघितला असेल. रंगाबद्दल त्यांची एकच अट होती, लाल नको, आयुष्यभर लाल पेटीच बघितली. पण शोरूममध्ये जाऊन ते पहिली गोष्ट म्हणायचे, "ही जरा आडवी झोपवा."

विकणारा मुलगा म्हणायचा, "काका, नवीन गाडी आहे."

"पडताना ती नवी-जुनी बघत नाही. पडल्यावर मला एकट्याला उचलता येते का, तेवढं बघायचंय."

मुलगा मॅनेजरला बोलवायचा, मॅनेजर चहा मागवायचा. गाडी कुणी झोपवली नाही. शेवटी शेजाऱ्यांची ती साडेतीनशे सीसीची धडधडणारी गाडी अंगणात आणून, खाली गोणपाट अंथरून आडवी केली. हरिभाऊ तिच्याकडे पाठ करून बसले, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं सीटखालचा दांडा धरला आणि गुडघ्यांवर जोर दिला. तिसऱ्या खेपेला गाडी उठली आणि हरिभाऊ खाली बसले. मालनताई ओट्यावरून म्हणाल्या, "आता तुम्हाला कोण उचलणार?"

ती गाडी बाद झाली. घेतली ती दीडशे सीसीची, साधी, निळ्या रंगाची, जिची क्लचवायर कुठल्याही तिठ्यावर मिळते. जास्तीची एक वायर त्यांनी मूळ वायरीच्या बाजूनं आधीच ओवून बांधून ठेवली. तुटली तर फक्त टोकं बदलायची. मी म्हटलं, "हरिभाऊ, माझी स्कूटर. चाकं लहान. खड्ड्यात आदळते." ते म्हणाले, "लहान चाकाला मोठा दिवस द्यायचा. उजाडताना निघायचं, चारच्या आत टेकायचं. दीडशे किलोमीटर झाले की बस्स. कन्याकुमारी काय पळून जाते?"

एका रविवारी आम्ही सामान बांधून लांज्यापर्यंत जाऊन आलो. पिशव्यांत तांदूळ भरले होते, वजन कळावं म्हणून. पाठीवर काही घेऊ देत नव्हते. म्हणाले, पाठीवरचं ओझं संध्याकाळी माणसाला वाकवतं. येताना हातखंब्याच्या अलीकडे एक ट्रेलर माझ्या इतक्या जवळून गेला, की स्कूटर रस्ता सोडून खडीत उतरली. कुणाला काही झालं नाही. हरिभाऊ पुढे होते, त्यांना कळलंसुद्धा नाही. मी स्कूटर उभी केली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो, कारण ते थरथरायचे थांबत नव्हते.

मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. आज पहिल्यांदा सांगतोय. माझी पत्नी मथुरा समोर बसली आहे, तीही पहिल्यांदाच ऐकते आहे.

जरा पाणी घेतो.

तर, जायचा दिवस ठरायच्या आधी मालनताई म्हणाल्या, देवाला विचारल्याशिवाय इतका लांबचा पल्ला नको. मालनताईंचं माहेर म्हणजे माझंच गाव. आमच्या ग्रामदेवतेचा कौल त्या मानतात. त्यांनी मला सांगितलं, "शिवा, तू देवाधर्माचा माणूस. तूच जाऊन कौल लाव." बाहेरगावच्या कुणाला माहीत नसेल तर सांगतो. आमच्याकडे गुरव देवाच्या पाषाणाला दोन अंगांना पाण्यानं भिजवलेल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नको.

सकाळी आठच्या सुमाराला मी देवळात होतो. धोंडू गुरवानं तगरीच्या कळ्या लावल्या. मी प्रश्न सांगितला, आम्ही दोघांनी ह्या प्रवासाला जावं का? गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी कळी खाली आली. धोंडू म्हणाला, "दिलान बघ. मोकळ्या मनानं दिलान." आणि पडलेली कळी कागदात बांधून माझ्या हातात ठेवली.

मी रत्नागिरीला परत आलो. हरिभाऊ अंगणात मोटारसायकलच्या चेनला तेल सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "काय दिलान देवानं?"

मी म्हटलं, "डावा."

 

हरिभाऊंनी तेलाच्या डबीचं झाकण लावलं. "बरं," म्हणाले. "मग नको."

मला वाटलं होतं, ते एकटे जातील, नाहीतर दुसरा कुणी सोबती बघतील. मला फक्त माझी सुटका हवी होती. पण त्यांनी देवाचा शब्द म्हणून ऐकलं आणि गाडीवर ताडपत्री घातली. मी रोज पूजा करतो, उपास करतो, माझ्या तोंडून देवाबद्दल खोटं निघेल असं कुणाला वाटणार? त्याच विश्वासाच्या आडोशाला मी लपलो. भ्यालो होतो, एवढं म्हणालो असतो तर हरिभाऊंनी मला चहा पाजला असता आणि विषय तिथंच मिटला असता. चांगला माणूस म्हणून जे नाव मिळतं, ते असं वापरण्यासाठी असतं का?

आपण सगळ्यांनी त्यांची थट्टा केली. "काय हरिभाऊ, कन्याकुमारी अजून तिथंच आहे का?" असं जेवणाच्या सुट्टीत कोण कोण म्हणालं, ते मी इथून बघू शकतो. हरिभाऊ दर वेळी सांगायचे, देव नको म्हणाला. मी बाजूला डबा खात असायचो.

दर रविवारी सकाळी ते ताडपत्री काढून गाडी चालू करतात. माझं घर पलीकडच्या आळीत. मी पूजेला बसलेला असतो आणि तो आवाज येतो. दहा मिनिटं. मग बंद. गाडीचा काटा चारशे बारा किलोमीटरवर थांबलेला आहे. गेल्या रविवारी आवाज आला नाही. माझं चंदन उगाळायचं तसंच राहिलं. उठून त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, "दापोलीहून एक मास्तर येतायत, पुढच्या रविवारी दहाला. पसंत पडली तर घेऊन जातील. उभ्या गाडीचे टायर बसतात रे, शिवा. पायपण तसेच. मला आता गुडघ्याचा भरवसा नाय."

पुढचा रविवार म्हणजे उद्या.

सोमवारी मी गावाला गेलो आणि धोंडूसमोर कौलाचं खोटं ओकून टाकलं. म्हटलं, पुन्हा कौल लाव. काय दंड असेल तो सांग, मी भरतो. धोंडू समई पुसत होता. म्हणाला, "एकदा दिलेला कौल देव परत देत नाय. त्यानं त्याचं काम केलान. तू पोचवलास नाय, त्याला तो काय करणार? आणि पोस्टात कामाला हायस म्हणं."

मॅडम, माझ्या टेबलावर कुणाचंही पत्र मी कधी दोन दिवस अडकू दिलं नाही. आपण माझं रेकॉर्ड बघू शकता.

घरी येऊन मथुरेला कौलाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अहो, हे मला सांगून काय उपयोग? मी कुठं जाणार होते?" बरोबर होतं. मग एकट्यानं हरिभाऊंना गाठायचा विचार केला. पण मी त्यांना ओळखतो. ते म्हणाले असते, "जाऊ दे रे," आणि मी पुन्हा स्वस्तात सुटलो असतो. ज्यांच्यासमोर त्यांना दोन वर्षं हसू सोसावं लागलं, त्यांच्याचसमोर हे सांगणं मला योग्य वाटलं. त्यांच्या सत्काराचा दिवस मी माझ्या कबुलीनं विटाळतोय, हे मला कळतं. पण उद्या दहानंतर सांगून काय उरलं असतं?

हरिभाऊ, उठू नका, मीच तिथं येतो. आपण आत्ताच शाल घेतलीत, श्रीफळ घेतलंत. हे माझ्याकडचं. मघापासून मी खिशात हात घालतोय ते ह्याच्यासाठी. कागद तोच आहे. आत कळी आहे, काळी पडलीय, सांभाळून उघडा, चुरा होईल. उजव्या अंगाची आहे. मालनताई, तुमच्या माहेरच्या देवानं हो म्हटलं होतं. पोचवायला मला उशीर झाला.

आता रजेचं. देवाला प्रश्न दोघांचा विचारला होता, तेव्हा माझं अर्धं अजून शिल्लक आहे. मी महिन्याभराची रजा घेतली आहे. स्कूटरचे दोन्ही टायर बदलले, पट्टा बदलला, ब्रेकचे लायनर नवे घातले. धीर मात्र कुठल्या दुकानात मिळाला नाही. हात अजून थरथरतात, तुम्हाला दिसतायत. थरथरत्या हातांनी दिवसाला दीडशे होत नसतील तर शंभर करू. गुडघा दुखला तर थांबू. कन्याकुमारी पळून जात नाही, असं आपणच म्हणाला होतात. सर्वेश, दापोलीच्या मास्तरांना फोन करायचा की नाही, ते बाबांना विचारा. मी त्यात बोलायचा हक्क गमावलेला आहे.

मला वेळ दिल्याबद्दल मॅडमचे, हा कार्यक्रम नेटका घडवून आणणाऱ्या सहकाऱ्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मी आभार मानतो. भाषण लांबलं, त्याबद्दल आपण मला माफ करालच. दुसरी माफी फक्त एका माणसाकडे आहे, आणि ती त्यांनी इथं, सगळ्यांच्या देखत, भिडेनं देऊ नये.

हरिभाऊ, उद्या सकाळी सहा वाजता मी स्कूटर घेऊन भाट्याच्या पुलाच्या अलीकडे उभा असेन. सात वाजेपर्यंत थांबेन. तुम्ही आलात तर समुद्र उजव्या हाताला ठेवून निघू. नाही आलात, तर सोमवारी कामावर येईन. इथं सगळे मला विचारतील, काय झालं? ह्या वेळी जसं झालं असेल, तसंच सांगेन.